न दिसणे आणि नसणे

लातूर आणि नांदेड येथे ‘नीट’च्या तयारीसाठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत पुस्तकांशेजारी ब्राह्मी किंवा शंखपुष्पीच्या सिरपची बाटली आढळणे नवलाचे नाही, आणि तिच्या गुणाची साक्ष बहुधा एवढीच असते की, ज्याने घेतली त्याला मार्क पडले. न्यायशास्त्राच्या भाषेत हा केवळ अन्वय, म्हणजे कारण असताना कार्य असणे. व्यतिरेक, म्हणजे कारण नसताना कार्यही नसणे, येथे तपासलेलाच नसतो, कारण बाटलीवाचून डॉक्टर झालेल्यांची मोजदाद ठेवण्यात कोणाला रस नसतो.

आधुनिक चाचणी हा व्यतिरेक मुद्दाम घडवून आणते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली जाते. ‘औषधाचा परिणाम नाही’ ही शून्य परिकल्पना आधी गृहीत धरली जाते, आणि ती खरी असती तर आढळला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने पडण्याची संभाव्यता 100त 5हून कमी निघाली, तरच ती नाकारली जाते. ही सीमा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925च्या ग्रंथात सोयीची म्हणून सुचवली होती. तिला निसर्गनियमाचा मान पुढच्यांनी दिला.

परंतु परिकल्पना नाकारता आली नाही, तर परिणामाचा अभाव सिद्ध झाला काय? पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यात, ज्यात पुढे गागाभट्ट झाले, जी मीमांसा जोपासली गेली, तिने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभावज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, मात्र ‘योग्य’ या अटीसह. घट असता तर उजेडात दिसलाच असता, म्हणून तो नाही असे म्हणता येते. पिशाच असले तरी दिसत नाही असे मानणाऱ्याला त्याच्या न दिसण्यावरून काहीच ठरवता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ ज्याला चाचणीचे सामर्थ्य, म्हणजे परिणाम असल्यास तो दिसून येण्याची शक्यता, म्हणतात, ते या योग्यतेच्या फार जवळचे आहे.

2001 साली ऑस्ट्रेलियात 38 निरोगी व्यक्तींवर केलेल्या चाचणीत ब्राह्मीचा 300 मिलिग्रॅम अर्क एकदाच देऊन 2 तासांनी पाहिले, तेव्हा बुद्धिव्यापारात फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत 46 जणांचा समावेश होता आणि अर्क 12 आठवडे रोज दिला गेला, तेव्हा शिकण्याचा वेग व स्मरण यांच्या काही कसोट्यांत फरक आढळला. पहिला नकार 2 तासांपुरता योग्य होता, त्यापलीकडे नव्हे. दुसरा होकारही जपूनच घ्यावा लागतो, कारण कसोट्या अनेक घेतल्या की एखादीत योगायोगाने फरक पडण्याची शक्यता वाढते. शिवाय बाटलीतला गोड पाक म्हणजे तो मोजून दिलेला अर्क नव्हे.