शेक कोणासाठी?

गर्भाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, गर्भपिशवी आणि अंडाशयं काढली, रिपोर्ट बरा आला, आणि तरीही किरणोपचाराचे शेक घ्यायचे की नाही, हा पुढचा निर्णय डॉक्टरांनी पेशंटवरच सोपवला, अशी वेळ अनेकींवर येते. खालच्या संवादातल्या दोघी मी कल्पिलेल्या आहेत, त्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. वहिनी एकसष्ट वर्षांच्या, लालबागच्या चाळीत राहणाऱ्या. ऑपरेशनला महिना होत आला, पण खोकला आला की त्या अजूनही उशी पोटाशी घट्ट धरतात. वन्सं परळच्या एका हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. एरवी पिठाच्या डब्यामागे दडवलेली फाईल आज दोघींच्या मध्ये उघडी पडली आहे.

वहिनी : डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतून शेक घेतलेत तरी चालेल, नाही घेतलेत तरी चालेल, घरी बोलून ठरवा. वन्सं, चाळीस वर्षांत मला कोणी काही ठरवायला सांगितलं नाही. आणि आता सांगितलं ते हे!

वन्सं : कारण तुमच्यासारख्या केसमध्ये दोन्ही वाटा बरोबर आहेत. आजार गर्भाशयाच्या भिंतीत अर्ध्यापेक्षा कमी जाडीपर्यंतच गेला होता, ग्रेड दोन. अशाच सुरुवातीच्या टप्प्यातल्या सातशेहून जास्त बायकांचा नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला, २००० साली तो छापून आला. निम्म्या जणींना ऑपरेशननंतर बाहेरून शेक दिले, निम्म्यांना नाही. पाच वर्षांत शेक न घेतलेल्या शंभरातल्या चौदा जणींना आजार त्याच भागात परत आला, घेतलेल्यांतल्या चार जणींना.

वहिनी : मग विचार कसला करायचा? घ्यायचेच.

वन्सं : पुढचं ऐका. किती जणी जगल्या, यात म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांना परत आला त्यातल्या बहुतेकींना तो योनिमार्गात आला, आणि तेव्हा शेक देऊन बहुतेक वेळा आटोक्यातही आणता आला. नंतर २०१० मध्ये असंही दिसलं, की योनिमार्गापुरते आतून शेक दिले तर तिथे आजार परतण्याचं प्रमाण बाहेरच्या शेकांइतकंच कमी राहतं, आणि जुलाबाचा त्रास कमी होतो. म्हणून तुम्हाला आतलेच सुचवले. नळी आत ठेवतात, काही मिनिटांचं काम. दोन-चार सिटिंग, मग घरी.

वहिनी : शंभरातल्या चौदा. पण मी शंभर नाही ना, एकटी आहे. मला एक तर परत येईल, नाही तर येणार नाही.

वन्सं : हो, आकडा तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. पण एक गोष्ट तो नक्की सांगतो. हा प्रश्न जगायचं की मरायचं असा नाही. पुढचे दिवस कसे काढायचे, एवढाच आहे.

वहिनी : तेच तर! मला झोप नाही. लघवीला गेले की आधी कपडा बघते. पाळी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर डाग दिसला होता, तो डोळ्यांपुढून जात नाही. शेक घेतले तर निदान झोपेन.

वन्सं : शेक आजारासाठी असतात, वहिनी. भीतीवर ते चालत नाहीत. शेक घेतलेल्या बायकासुद्धा तपासणीच्या आदल्या रात्री जाग्याच असतात. मी पाहिलंय.

वहिनी : हे तुम्ही सिस्टर म्हणून बोलताय. तुमच्या कागदावर जुलाबाला जागा आहे, योनिमार्ग आखडतो, कोरडा पडतो त्याला जागा आहे. माझ्या भीतीला नाही? ती जुलाबापेक्षा हलकी आहे, हे कोणी ठरवलं?

इथे वन्संजवळ उत्तर नाही, आणि मला वाटतं वैद्यकाजवळही ते पुरेसं नाही. भीती कमी व्हावी म्हणून घेतलेला उपचार खोटा, असं म्हणायला मी तयार नाही. फक्त ती भीती नेमकी कोणाची, हे बघायला हवं. वन्संही तिकडेच वळल्या.

वन्सं : बरं, मान्य. पण ही भीती तुमची की तुमच्या मुलाची, बाळ्याची? तो काल म्हणाला, ‘सगळं करून टाकू, पैशांचा विचार नको.’ तुम्ही तेव्हापासून ‘घ्यायचेच’ म्हणताय.

वहिनी : तो रात्री उठून माझा श्वास चालू आहे का बघतो. मी झोपलेय असं दाखवते.

वन्सं : म्हणजे त्याच्यासाठी शेक घेणार? जन्मभर दुसऱ्यांसाठीच देह झिजवलात. आता तरी स्वतःसाठी ठरवा.

वहिनी : मी झिजले खरी, पण त्यात मला सुख नव्हतं असं कोणी सांगितलं? पोरगा निवांत झोपावा म्हणून तीन सिटिंग घेतली, तर ती गुलामी नाही. तो म्हणाला म्हणून मुकाट गेले, तर गुलामी. ह्यांना मात्र कसं सांगू, आतून शेक म्हणजे काय ते? डॉक्टरांनी विचारलं नाही, मलाही विचारायला लाज वाटली.

वन्सं : आखडू नये म्हणून काय करायचं ते शिकवतात, विचारलं तर. एकसष्टाव्या वर्षीही विचारावं. आणि गाठीवर पी-५३, एमएमआर या तपासण्या झाल्यात का तेही विचारा. त्यावरून सल्ला बदलू शकतो. पण हे सगळं तुम्ही बोलता कोणाशी? चाळीत तर ‘पिशवी काढली’ एवढंच सांगितलंय.

वहिनी : तुमच्याशी बोलते की.

वन्सं : मी पुरणार नाही. मी हा आजार बघितलाय, मला झालेला नाही. वंदना गुप्तांनी स्वतःच्या कर्करोगातून उठून १९९४ साली व्ही केअर ही संस्था सुरू केली, तिथे आजारातून गेलेली माणसं पेशंटशी बोलतात. आपण जाऊ.

वहिनी : दुसरीनं काय घेतलं ते ऐकून मी ठरवू?

वन्सं : काय घेतलं ते विचारूच नका. सिटिंगवरून घरी आल्यावर संध्याकाळ कशी गेली, ते विचारा.

वहिनी : (फाईल मिटत) गुरुवारी तारीख आहे. ह्यांना आत घेऊन जाईन. बाळ्याला बाहेर बसवेन. मग ठरवेन.

या चाळीपासून जवळच, परळला, कर्करोगाचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. त्याच्या आधाराने परळ-दादरमध्ये माणुसकीचं केवढं तरी उभं राहिलं: दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, फुटपाथवर पेशंटच्या नातेवाइकांना मिळणारं जेवण. परगावच्या पेशंटला निवारा आणि घास द्यायला ही वस्ती शिकली. शेजारच्याच चाळीतली बाई मात्र फाईल लपवते, कारण तिची कीव करायला सगळे तयार असतात, ऐकून घ्यायला फारसं कोणी नसतं. आधाराच्या नावाने घरचे बहुतेक वेळा निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि माझ्या मते आजारी बाईला सर्वांत एकटं पाडणारी गोष्ट हीच आहे.

वहिनींनी शेक घेतले तरी त्या बरोबर असतील, नाही घेतले तरी बरोबर असतील. तुमच्या घरात कोणी या टप्प्यावर असेल, तर ‘सगळं करून टाकू’ म्हणण्याआधी तिला काय वाटतं ते विचारा. तिने शेक नको म्हटलं, तर फॉलोअपच्या प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर जा.