सोनतळीची सोबत

राधानगरी हे गाव एका लेकीच्या नावानं वसलेलं आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपली कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, देवासच्या घराण्यात दिली होती. तिच्या नावानं 1908 साली भोगावतीच्या खोऱ्यात ही पेठ उभी राहिली आणि लगोलग 1909 मध्ये वरच्या अंगाला धरणाचं काम सुरू झालं. पैशाअभावी ते मध्येच अडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. कोल्हापूरकरांना हे तोंडपाठ असतं. त्याच राजवाड्यातल्या एका सुनेची गोष्ट मात्र त्या मानानं कमी सांगितली जाते. शिक्षणाच्या सरकारी पैशावरून आज जो वाद चालला आहे, त्यात मला ती सूनच जास्त कामाची वाटते.

वाद साधा आहे. एका मुलाच्या शिक्षणापोटी सरकार वर्षाला जो खर्च करतं, तो शाळेकडे न जाता थेट त्याच्या घरी का जाऊ नये? मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानं 1955 साली एका निबंधात मांडलं होतं की शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलावा, पण शाळा चालवायचा हट्ट सोडावा. पालकाच्या हाती तेवढ्या रकमेची चिठ्ठी द्यावी, तो हवी ती शाळा निवडेल. त्या चिठ्ठीवर निदान शाळेचं नाव लागायचं. घराचं नाव लागलं ते पुढे. अ‍ॅरिझोना राज्यानं 2011 मध्ये दिव्यांग मुलांसाठी ‘सक्षमीकरण शिष्यवृत्ती खाती’ काढली. पालकानं मुलाला सरकारी शाळेतून काढायचं आणि राज्यानं खात्यात भरलेल्या पैशातून घरचा शिक्षक, पुस्तकं, उपचार असं हवं ते घ्यायचं. 2022 मध्ये ही खाती सरसकट सगळ्यांना खुली झाली. धडधाकट मुलाला वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास मिळू लागले. तेव्हाच्या पहिल्या अर्जदारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं मुळात सरकारी शाळेत कधी नव्हतीच. या पैशातून लेगोचे संच घेतल्याच्या बातम्याही आल्या. दिव्यांग मुलाचं बोट धरून आत आलेली कल्पना अकरा वर्षांत सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात जाऊन बसली.

आपल्याकडे हा प्रवास उलटा झाला. सरकारी पैसा आधी घरात जात होता, शाळेत तो उशिरा पोचला. पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. दूरदूरचे शास्त्री जमत, त्यांची विद्वत्ता पाहून रक्कम ठरे. हे शास्त्री विद्यार्थ्यांना घरीच ठेवून घेत आणि घरीच शिकवत, तेही फी न घेता. तेव्हा दक्षिणेचा धार्मिक भाग बाजूला ठेवला तर ते घरातल्या वर्गाला दिलेलं सरकारी अनुदानच होतं. त्या घरात शिकायला कोणी यायचं, हे जातीनं आधीच ठरवलेलं असे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं दक्षिणा एकदम बंद केली नाही; त्यातला पैसा वळवून 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी हा पैसा मराठी पुस्तकांकडे वळवण्यासाठी खटपट केली, 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि त्याच निधीतून जोतीराव-सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळांनाही मदत मिळाली. शास्त्र्याच्या माजघरातला पैसा मुलींच्या शाळेपर्यंत यायला जेमतेम तीन दशकं लागली. पुण्याच्या सनातन्यांचा त्यावर संताप झाला नसता तरच नवल.

म्हणूनच 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे मांडलं त्याचा रोख मला नीट कळतो. रयत सारा भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं, आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी. ब्रिटिशांनी ती ऐकली नाही. गोखल्यांचं 1911 चं विधेयकही बारगळलं. ती ऐकली ती संस्थानांनी: 1906 साली बडोद्यानं आणि 1917 मध्ये कोल्हापुरानं. करवीर दरबारच्या कायद्यानं मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपयापर्यंत दंड ठेवला. गुरं राखणाऱ्या पोराच्या बापाला तेव्हा रुपया म्हणजे काय होतं, याचा अंदाज आज यायचा नाही. पुढे 1992 मध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. दंडाचा रुपया बक्षिसाचा झाला, पण अट तीच राहिली: मूल शाळेच्या पटावर आणि शाळेच्या खोलीत दिसलं पाहिजे.

ही अट हुकूमशाही नव्हती. 1919 मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. त्यांना मुलांना नुसती अक्षरओळख करून द्यायची नव्हती, एका पट्टीवर शेजारी बसवायचं होतं. घरी ते घडत नाही. घर कितीही उदार असलं तरी त्यात आपलीच माणसं असतात.

आणि तरीही, नेमक्या त्याच वर्षांत, या राजानं एका मुलीचं शिक्षण घरी करायचं ठरवलं.

सासवडच्या जगतापांची लेक इंदुमती 1917 मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी यांना दिली. वर्षभरात, जून 1918 मध्ये, शिकारीत घोड्यावरून पडून राजपुत्र वारले. इंदुमती तेव्हा अकरा वर्षांची होती. राजघराण्यातली विधवा सून शाळेत जाऊन बाकावर बसणं त्या काळी कल्पनेपलीकडचं होतं. वाड्यात ठेवली तर सोवळं, रीतीभाती आणि कुजबूज यांतच ती संपली असती. महाराजांनी तिची व्यवस्था कोल्हापूरबाहेर सोनतळी कॅम्पवर केली, शिक्षक नेमले, शिकण्यासाठी बंगला दिला. घरातून विरोध झाला तो त्यांनी मानला नाही. तिला ते पत्रं लिहीत, अभ्यास कसा चालला आहे ते विचारत. तिला डॉक्टर करायचं त्यांच्या मनात होतं. मे 1922 मध्ये महाराज गेले आणि तो बेत तडीस गेला नाही, पण 1925 मध्ये ती मॅट्रिक झाली.

दरबारच्या खर्चानं झालेलं हे घरचं शिक्षणच होय. याला राजविलास म्हणून बाजूला सारता येईल. खुद्द महाराजही राजकोटच्या राजकुमार कॉलेजनंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली असेच शिकले होते. संस्थानिकाच्या पोराला घरचा शिक्षक मिळणं यात नवल काही नाही. पण सोनतळीत एक गोष्ट अशी केली गेली जी राजविलासात बसत नाही. इंदुमतीच्या सोबतीला समवयस्क मुली आणून ठेवल्या, आणि त्या वेगवेगळ्या समाजांतल्या होत्या. त्या तिच्याबरोबर राहत, शिकत. महाराजांनी मुलीला शाळेत नेता येईना तेव्हा शाळेतलं जे सगळ्यात मोलाचं वाटलं ते बंगल्यावर आणलं. माझ्या मते घरच्या शिक्षणावर खर्च होणाऱ्या सरकारी पैशाची कसोटी इथेच ठरून गेली. शिक्षक हवा, बाहेरची परीक्षा हवी, आणि सोबत हवी. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना सुचतात.

महाराजांच्या दुसऱ्या मोठ्या कामाचं, वसतिगृहांचं, काय झालं तेही इथे पाहण्यासारखं आहे. 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली, ती खेड्यातल्या पोरांना शहरात टेकायला जागा नव्हती म्हणून. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पैसे थेट बँक खात्यात मिळतात. पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजार, लहान शहरांत कमी. अट अशी की विद्यार्थी त्या गावचा रहिवासी नसावा. खोली भाड्याची चालते, स्वतःचं घर चालत नाही. शाळकरी शिष्यवृत्त्यांचंही तेच. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती वर्षाला 12 हजार देते, पण मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असलं पाहिजे. घरी बसून परीक्षेला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्याला, मग तो पुण्यातल्या ‘होमस्कूलिंग’वाल्या घरातला असो की चार वर्षं शाळा सुटलेला गुराखी, यातलं काही लागू नाही.

मग 2012 मध्ये कायद्यात एक खिडकी उघडली. शिक्षण हक्क कायद्याच्या दुरुस्तीनं तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षण निवडायचा हक्क दिला. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे, शिवाय मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य असे खर्च त्यातून होतात. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक मुलाच्या घरी जातात. यांतले बहुतेक वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले, आणि तालुक्याला मोजके. राधानगरीसारख्या तालुक्यात हे काम कसं असतं ते नकाशा पाहूनच कळावं: दाजीपूरच्या बाजूला डोंगर, जंगल, विखुरलेले धनगरवाडे, पावसाळ्यात भरून वाहणारे ओढे आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर गवे. शिक्षक महिन्यातून किती वेळा पोचेल, हा सरकारी आदेशापेक्षा चिखलाचा प्रश्न जास्त आहे.

अ‍ॅरिझोनाची वाट आपल्याकडे आणावी असं सुचवणारे लोक हेच उदाहरण देतात. शिक्षक पोचत नाही ना, मग पैसे आईच्या खात्यात टाका, ती बघेल काय करायचं ते. मला हे पटत नाही. 2020 मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आपण अख्ख्या राज्याचं शिक्षण दीड-दोन वर्षं घरी नेलं होतं. फोन घराचा, रिचार्ज घराचा, शिकवायला आई किंवा मोठी बहीण. ज्या घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर कामावर जाई, तिथे शिक्षण बंदच होतं. पैसे दिले असते तर फोन आला असता हे खरं, पण डोंगरात रेंज आली नसती आणि तिसरीतल्या पोराला वाचायला बसवायला कोणी आलं नसतं. घराच्या खात्यात रक्कम टाकणं म्हणजे सरकारची जबाबदारी त्याच दिवशी संपवणं. सोनतळीला महाराजांनी पैसे पाठवून हात झटकले नव्हते.

पण म्हणून गृहाधारित शिक्षण म्हणजे शाळेची कमअस्सल नक्कल, असं मानणारे शिक्षणतज्ज्ञही मला अर्धेच बरोबर वाटतात. अंथरुणाला खिळलेल्या मुलीला ‘समावेशन’ म्हणून रोज रिक्षात घालून शाळेत नेणं आणि वर्गाच्या कोपऱ्यात निजवून ठेवणं, याला हजेरी म्हणता येईल फार तर. तिच्यासाठी घर हीच खरी जागा असू शकते. प्रश्न त्या घरात कोण येतं हा आहे. सध्या येते ती शिक्षिका, अधूनमधून फिजिओथेरपिस्ट, आणि कधी सर्वेक्षणाचा कागद घेऊन कोणीतरी. मूल येत नाही.

त्या 3,500 मध्ये वाढ मागणारे अर्ज होत राहतील आणि व्हायला हवेत. महागाईच्या हिशोबात ती रक्कम केव्हाच आटली आहे. त्याबरोबर एक नवी बाब मागावी. वाडीवरच्या शाळेतली चार-पाच मुलं शनिवारी आपल्या गुरुजींबरोबर त्या मुलीच्या घरी जातील, तिथेच परिपाठ होईल, गणितं सुटतील, तिच्या खाटेवर बसून डबा खाल्ला जाईल. त्या जीपच्या भाड्याचा, डब्याचा आणि गुरुजींच्या अर्ध्या दिवसाचा खर्च समग्र शिक्षातून मिळावा. तिचं नाव त्या मुलांच्याच हजेरीपटावर असतं, तेव्हा त्यांना तिच्याकडे न्यायला नवा कायदा लागत नाही.