नोंद पुसली म्हणजे वस्तू गेली का?

जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर 512 बाइटांचा असतो. त्यातले 64 बाइट पार्टिशनांची नोंद ठेवतात. ते 64 बाइट पुसले तर संगणक अख्खी डिस्क रिकामी समजतो, आणि आतली प्रत्येक फाइल मात्र जागच्या जागी असते. मग नामरूप ही माया आणि आशय तेवढा सत्य, असे कोणी म्हणेल. मला हे अर्धेच पटते, कारण नोंदीवाचून आशयापर्यंत पोचायचे कसे? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे उदाहरण दिले: ‘रथ’ हे भागांच्या मांडणीला दिलेले व्यवहारातले नाव. पण व्यवहारातले म्हणजे खोटे नव्हे. भिवंडी तालुक्यातल्या लोनाडच्या बौद्ध लेण्यांना लोक आज खांडेश्वरी लेणी म्हणतात. नोंद बदलली, तरी कोरीव शिल्पपट मूळ ओळख सांगतोच. फाइली परत मिळवणारी सॉफ्टवेअरही नोंद नसताना जेपीईजी चित्र त्याच्या आरंभीच्या खुणेवरून ओळखतात. आक्षेप रास्त आहे की एसएसडीवर ट्रिम ही साफसफाईची आज्ञा चालली की पुसलेला आशयही बहुधा परत मिळत नाही. पण तिथेही नोंद आधी जाते आणि आशय मागाहून, म्हणजे त्या दोन वेगळ्याच घटना ठरतात.