शोभेल असे, म्हणजे कुणाला?

मागच्या पावसातली गोष्ट. आमच्या बौद्धवाडीतली एक पोरगी जिल्ह्यातल्या एका ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटरला बसते. नात्याने माझी भाची. एके संध्याकाळी एस.टी.तून उतरली ती घरी न जाता माझ्या पडवीत येऊन बसली आणि रडायला लागली. "मावशे, खांद्यावरची पट्टी दिसता म्हणान सायबान सगळ्यांदेखत सांगल्यान. ऑफिसाक शोभात असा घालून येवा म्हणान."

पट्टी म्हणजे ब्राची पट्टी. कुडत्याचा गळा जरा सरकला होता. एवढंच.

रविवारी आपल्या पोरांच्या बैठकीत मी हा विषय काढला. वाटलं, पेटून उठतील. तर आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण साहेब चुकीचं काय बोलला? आपल्या मुलींनी नीटच राहायला हवं. लोक समाजाला नावं ठेवतात. बाबासाहेबांनी पण महाडला बायांना कसं नेसायचं ते सांगितलंच होतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बैठकीत आम्ही बाया तिघी. दुसऱ्या दोघी तेवढ्यात चहा करायला उठल्या.

मित्रा, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. महाडचं नाव आलं की आपली जीभ अडते. आता लिहून देते.

आधी हा 'शोभेल' शब्द बघ. शोभणं एकट्याने होत नाही, कुणाच्या तरी डोळ्यांना शोभायचं असतं. आमच्याकडे खोत उघड्या अंगाने, जानवं दाखवत ओटीवर बसायचा. त्याचं उघडं अंग शोभायचं. त्याच अंगणात माझ्या आजीने डोईवरचा पदर सावरला नाही तर ते शोभायचं नाही. खोताला शोभत नाही असं सांगणारा माणूस गावात जन्मलाच नव्हता. हा शब्द नेहमी वरून खाली येतो. पोराला, बाईला आणि आपल्याला.

आणि तो नुसता शब्द राहत नाही, हुकूम होतो. 'जातिनिर्मूलन' तू वाचलंयस, निदान तुझ्या भाषणात त्याचं नाव असतं. त्यात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकीकत आहे, १९२८ सालची. सवर्णांनी त्यांना फर्मान काढलं: जरीकाठी पगडी बांधू नका, रंगीत काठाचं धोतर नेसू नका, तुमच्या बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, भारी घागरे आणि जाकिटं घालू नयेत. जाकीट म्हणजे अंगातली चोळीच. त्याहून मागे जा, खाली त्रावणकोरात. तिथे शाणार बायांना छाती झाकायला बंदी. त्यांनी झाकली, तर भर बाजारात कपडे फाडले. वर्षानुवर्षं दंगे झाले. शेवटी १८५९ साली राजाने जाहीरनामा काढला. काय दिलं? जाडंभरडं कापड कोळणींसारखं गुंडाळा, नाहीतर कशीही छाती झाका, पण वरच्या जातीच्या बायांसारखी झाकू नका. 'पण' बघ त्यातला. अंग झाकलं जातंय की नाही याची त्या राजाला फिकीर नव्हती. कापड बघून जात कळली पाहिजे, ही फिकीर होती.

म्हणजे तिथे झाकलं म्हणून मार, इथे दिसलं म्हणून बोलणी. दोन्हीकडे बाईचं अंग तेच आणि हिशेब ठेवणारा दुसराच.

आता महाड. १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा, गळाभर माळा, हातभर कथलाचे नि चांदीचे दागिने, ही अस्पृश्यतेची ओळखखूण आहे, ती टाकून द्या, असं सांगितलं. वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा म्हणाले. बायांनी ऐकलं. ढोपरापर्यंतचं लुगडं घोट्यापर्यंत आलं.

इथे एक अडचण आहे, ती मी लपवणार नाही. माप त्यांचंच राहिलं ना? त्यांच्या बायांसारखं म्हणजे नीट, असं झालं ना? शिवाय कोकणात ढोपरापर्यंतचं लुगडं ही काही नुसती जातीची खूण नव्हती, ती चिखलात लावणी करणाऱ्या बाईची सोय होती. मालवणच्या बंदरावर मासे विकणारी गाबतीण तसंच नेसायची. या प्रश्नावर मी पुष्कळ रात्री घालवल्या आहेत. बाबासाहेबांच्या सुटाबुटाबद्दलही लोक असंच बोलतात, साहेबाची नक्कल म्हणून. मला वाटतं, माप कुणाचं यापेक्षा कपडा बदलून काय साधायचं होतं ते बघावं. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला तुझी जात कपड्यावरून वाचता येऊ नये, हे साधायचं होतं. खूण पुसायची होती. भाचीच्या साहेबाला खूण शोधायची होती. त्याच ऑफिसात एक कायमच्या नोकरीतल्या बाई आहेत. त्यांची पट्टी कधी दिसत नाही असं नाही. पण त्यावर बोलायची कुणाची छाती नाही.

आणि सल्ला कुठला नि हुकूम कुठला, हे कसं ओळखायचं? ऐकलं नाही तर काय होतं, त्यावरून. महाडच्या ज्या बाईने नेसण बदललं नाही, तिची भाकरी काही बाबासाहेबांनी तोडली नाही. साहेबाच्या हातात मात्र कंत्राट आहे. आणि तुझ्या हातात, मित्रा, कंत्राट नसेल पण वाडी आहे. तू 'समाजाची अब्रू' म्हणालास की दुसऱ्या दिवशी तिच्या आवशीला विहिरीवर ऐकवतात, आणि पुढे लग्नाच्या बोलण्यात ते निघतं. मग तुझा सल्ला सल्ला राहतो काय? राग मानू नको, पण त्या बैठकीला तू बर्म्युडा घालून आला होतास. समाजाची अब्रू तुझ्या गुडघ्यावर नव्हती, पोरीच्या खांद्यावर होती.

त्या पट्टीबद्दलही जरा ऐक, कारण आपल्या मासिकांत भाकरीवर लिहितात, यावर कुणी लिहीत नाही. माझ्या आजीने जन्मात ब्रा बघितली नाही. आईने पहिली 'बॉडी' लग्नात घातली, मुंबईच्या मामीने पाठवलेली, पांढरी, सुती. आमच्या पिढीला ती रोज लागते, पण असतात दोन. एक अंगात, एक दोरीवर. दोरीवरची सुद्धा टॉवेलाखाली, कुणाला दिसू नये म्हणून. कोकणातला पाऊस, त्यात टॉवेलाखाली वारा कसा लागणार? सकाळी ओलीच चढवायची, नाहीतर चुलीच्या धगीवर धरून सुकवायची. ओली घातली तर पुरळ उठतं. चुलीवर धरली तर धुराचा वास येतो, आणि मग ऑफिसात शेजारची बाई नाकाला रुमाल लावते. दुकानात विकणारा पुरुष. तो माप डोळ्यांनीच घेतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, जसा काही चोरीचा माल. घातली नाही तर बाई बेशरम, घातलेली दिसली तरी बेशरम. ती असावी, पण आहे हे कळू नये.

तू म्हणशील, मग ऑफिसात काय वाटेल ते घालावं काय? नाही. ८ डिसेंबर २०२० ला महाराष्ट्र सरकारने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं होतं. बायांनी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट, गरज असेल तर दुपट्टा. जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी. जीन्सवरची बंदी पुढे २०२१ मध्ये सरकारनेच उठवली. त्यात मला खुपलं ते वेगळंच. शोभेल असा पेहराव करत नाहीत म्हणून बोट दाखवलं होतं ते मुख्यतः कंत्राटी आणि सल्लागार लोकांकडे. कायमचा माणूस शोभतोच, असं धरूनच चालायचं. (आणि ज्या देशात बाबासाहेबांनी सूट घालून खादीवाल्यांशी उभा दावा मांडला तिथे शुक्रवारची खादी आपण गपगुमान घातली, हे एक असो.)

तरीही लिहिलेला नियम परवडला. एस.टी.तल्या कंडक्टर बाईची खाकी मला आवडते. सगळ्यांना एक, कामाशी बांधलेली, आणि महामंडळाने दिली नाही तर भांडता येतं. सातबाऱ्यासाठी आलेल्या म्हातारीला समोरच्या बाईचं भय वाटू नये, मशिनीत पदर अडकू नये, कपडा धुतलेला असावा, हे मी मान्य करीन. ते कागदावर लिही, साहेबालाही लाव, म्हणजे त्याच्याशी वाद घालता येईल. 'शोभेल असं' याच्याशी वाद कसा घालायचा? ते साहेबाच्या डोक्यात असतं, आणि दर माणशी बदलतं. आणि आतला कपडा कुठल्याच नियमात बसत नाही. त्याकडे बघणाराच आधी नियम मोडतो.

भाची दुसऱ्या दिवशी कामावर गेली. खांद्याला आतून सेफ्टी पिन लावून. आता रोज लावते, एका बाजूला टोचून वण पडलाय. तिचं कंत्राट मार्चअखेर संपतं आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर त्याच साहेबाची सही लागते. त्या दिवशी कुणीतरी तिच्यासोबत ऑफिसात जायला हवं. मी जाणार आहे. तू येतोस काय, ते बैठकीत सांग.