आवाज उसना मिळतो, चाल नाही

लोककला टिकवायची तर ती तरुणांच्या संगीतात ‘मिसळली’ पाहिजे, हा सल्ला हल्ली इतक्या व्यासपीठांवरून दिला जातो की त्याबद्दल शंका घेणाराच परंपरेचा वैरी ठरतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला तो हमखास येतो. तिथल्या वावर-वांगणी या गावांची नावं उरलेल्या महाराष्ट्राला कळली ती 1992-93च्या कुपोषणबळींमुळे. तेव्हापासून या मुलखात जो येतो तो दात्याच्या थाटात, मग तो काही न्यायला आलेला का असेना. तारप्याचे, म्हणजे इथल्या आदिवासींच्या फुंकवाद्याचे, चार सूर ध्वनिमुद्रित करायचे, त्यांखाली ड्रम आणि गिटार घालायची, की झाली वारशाला नवसंजीवनी!

अशा मिश्रणातल्या मेटलबद्दल, म्हणजे जड गिटारींच्या रॉकबद्दल, ‘हे आपलं संगीत नव्हे’ असा आक्षेप घेतात, तो इथे बाजूला ठेवतो. हार्मोनियमही एकेकाळी आपली नव्हती. माझं भांडण मिसळणाऱ्यांशी आहे, आणि त्यांनी मेटलचीच एक तबकडी नीट ऐकावी असं मला वाटतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ‘इन फ्लेम्स’ या बँडचा ‘लूनर स्ट्रेन’ हा पहिला अल्बम 1994 साली आला. बँडला स्वतःचा कायमचा गायकही नव्हता. ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा मिकाएल स्टाने येऊन गायला. ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे, गाण्यांचे सांधे जागोजागी दिसतात. पण मधेच ‘होर्गलोटेन’ ही शब्दांविना वाजणारी रचना येते. ती मुळात स्वीडिश लोकधून. तिच्याभोवतीची दंतकथा अशी : होर्गा गावात एका रात्री सैतान फिडलवाला बनून आला आणि त्यानं अशी धून धरली की नाचणाऱ्या तरुण पोरांना थांबताच येईना. नाचत नाचत ती डोंगरावर गेली आणि हाडं उरेपर्यंत नाचत राहिली.

ही धून अल्बममध्ये पाहुण्यासारखी येत नाही, हे महत्त्वाचं. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गाण्यांतल्या जोडगिटारी त्याच वळणांनी चढतात-उतरतात. तो जोडगिटारींचा घाट ब्रिटिश ‘आयर्न मेडन’कडून आलेला, गुरगुरणारा आवाज डेथ मेटलचा, गावाकडचं म्हणून दाखवावं असं वरवर काहीच नाही. तरी स्वीडन ऐकू येतो. नगरपालिकांच्या संगीतशाळांमुळे तिथे इतके बँड निघाले, असं एक स्पष्टीकरण देतात. त्यातून बँडची संख्या समजते, सुरावट समजत नाही.

मिसळणाऱ्यांचं गृहीत असं, की लोकसंगीत म्हणजे लोकवाद्य. वाद्य ऐकू आलं की माती आली. हे गृहीत स्वीडनमध्येच 1964 साली खोटं ठरलं होतं. यान योहान्सन या पियानोवादकानं ‘जॅझ पो स्वेन्स्का’ या तबकडीत जुन्या लोकधुना फक्त पियानो आणि डबल बासवर वाजवल्या. फिडल गेलं, धून राहिली. उलट बाजूनं पाहा. ‘ॲट द गेट्स’ या गोथेनबर्गच्याच बँडच्या 1992च्या पहिल्या अल्बममध्ये खरंखुरं व्हायोलिन आहे. पण ते काढून घेतलं तरी गिटारींचं वळण तसंच राहील. आता आपल्याकडे या. मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’नं 2017 साली दशावतारांवर अख्खा अल्बम केला, त्यात भारतीय वाद्यंही आहेत. मेहनत मोठी, वादन तयारीचं. तरीही मला तिथे कथा आपली, वाद्यं आपली आणि चाल परकी असंच ऐकू येतं. वाद्य हा शिक्का असतो, आणि शिक्का कुठल्याही कागदावर मारता येतो.

तारप्याकडे पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं, मेण. वाजवणारा गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांमुळे हे वाद्य दूरवर पोचलं. पण नाचाच्या फेऱ्यात तारपेवाला मधोमध चालतो, माणसं हातांत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. चाल बदलली की फेऱ्याची दिशा बदलते, पाऊल बदलतं. ती सुरावट ऐकवण्यासाठी नसतेच. ती पायांना हुकूम देते. होर्ग्याच्या दंतकथेतला फिडलवालाही हेच करतो, फक्त वाईट हेतूनं.

म्हणून फरक जुन्या-नव्याचा नाही, देशी-विदेशीचाही नाही. आवाज ओळख दाखवतो, चाल हुकूम देते. मिश्रणात तारप्याचा आवाज घेतात आणि हुकूम ड्रमच्या चार ठोक्यांकडे सोपवतात. मग वादक मधोमध कसा राहील? तो कडेला, पारंपरिक पोशाखात, टाळ्यांपुरता उभा राहतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. फिडलची धून पियानोवर जाईल, पण तारप्याची चाल त्या अखंड श्वासातूनच घडते. श्वास गेला तर चाल कशी उरेल? काही अंशी खरं आहे. सगळ्या चाली गिटारवर उतरणार नाहीत, काही मोडतील. पण डिस्टॉर्शनमधून ताणलेला गिटारचा सूरही सहजी तुटत नाही, आणि मोडतोड सोसून पोचलेली चाल ही शाबूत नेऊन शोभेला ठेवलेल्या आवाजापेक्षा मला जास्त खरी वाटते.

तेव्हा उद्या वावरच्या एखाद्या पोरानं विजेची गिटार घेतली तर त्याच्याकडे तारपा मागू नये. आज्याच्या चालीवर पाय कुठे वळतो हे त्याला ठाऊक आहे का, एवढंच विचारावं. असेल, तर त्यानं खुशाल गुरगुरावं, अल्बमवर वारली चित्र नको असेल तर नको छापू दे. नसेल, तर दहा तारपेवाले मागे उभे करूनही त्याचं संगीत जव्हारचं होणार नाही.