आयदक्की लक्कम्मा आणि देहाचे कोठार



आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. बाराव्या शतकातील कल्याण नगरीत अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्याच दाण्यांवर त्या दांपत्याचा दासोह चाले. एके दिवशी मारय्यांच्या ओटीत नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आले. लक्कम्मांनी ते ओळखले आणि गरजेपुरते ठेवून उरलेले परत टाकून येण्यास पतीला सांगितले. कोठार भरलेले असावे, पण त्यातून मोजकेच घ्यावे, हा या कथेचा गाभा. हाच नियम आपल्या देहातही चालतो. कसा, ते आज पाहू.

माळव्यातील भक्तांना अफूचे शेत वर्णन करून सांगायला नको. मंदसौर, नीमचकडे सरकारी परवान्याने हे पीक घेतात. बोंडाला चीर दिली की चीक पाझरतो. त्या चिकात मॉर्फिन असते आणि ते मोठमोठ्या वेदना शमविते. आता विचार करा, शेतातल्या एका झाडाचा चीक माणसाच्या मेंदूवर का चालावा? किल्ली फिरते ती कुलूप असते म्हणूनच. १९७३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर व न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील उपसाला येथील संशोधकांना मेंदूत ही कुलुपे सापडली. मग दुसरा प्रश्न उभा राहिला. अफूच्या बोंडासाठी तर ही कुलुपे घडलेली नसणार. तेव्हा घरची किल्ली कोठे आहे?

ती १९७५ साली सापडली. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलित्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन नावाची द्रव्ये वेगळी काढली. पुढच्याच वर्षी चो हाओ ली यांनी उंटाच्या पीयूषिका ग्रंथीतून एकतीस दुव्यांची साखळी असलेले बीटा-एंडॉर्फिन मिळविले. एंडॉर्फिन म्हणजे देहाच्या आतच तयार होणारे मॉर्फिन. याचा अर्थ असा की वेदनेवरचा उतारा आपण जन्मतःच बरोबर घेऊन आलो आहोत.

हे द्रव्य घडते कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. पीयूषिका ग्रंथीत एक मोठे प्रथिन तयार होते. त्याचे तुकडे होतात. एक तुकडा मूत्रपिंडावरील ग्रंथींना हाळी देतो, ‘संकट आले, सावध व्हा’ आणि त्यातून तणावाचे द्रव्य स्रवते. दुसरा तुकडा बीटा-एंडॉर्फिनचा. तणाव आणि धीर एकाच मातेच्या उदरातून येतात! दुःख देणाऱ्यानेच सोसण्याचे बळही दिले, असे आपले वडीलधारे म्हणत. देहापुरते तरी ते अक्षरशः खरे आहे.

आता लक्कम्मांकडे परत या. देह हे औषध मोजून देतो. एन्केफॅलिन काम संपताच अगदी थोड्या वेळात मोडून टाकले जाते. उरलेला दाणा देह साठवीत नाही. याउलट बाहेरून अफू, गर्द यांचा मारा सुरू झाला की कुलुपे बोथट होतात, काल पुरलेली मात्रा आज पुरत नाही, आणि माणूस आनंदासाठी नव्हे तर तळमळ थांबविण्यासाठी नशा करू लागतो. व्यसनी मुलाला ‘पापी’ म्हणून उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या आई-बापांनी हे ध्यानात घ्यावे. त्याची मोडलेली तराजू सांधण्यासाठी वैद्यही हवा आणि घरही हवे.

मग हे कोठार उघडते कशाने? ऑक्सफर्डच्या नावाड्यांवरील एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. श्रम तेवढेच, पण एकट्याने वल्ही मारल्यावर वेदना सोसण्याची जी शक्ती वाढली, तीच सर्वांनी तालात मिळून वल्ही मारल्यावर अधिक वाढली. एंडॉर्फिन तेथे थेट मोजले नव्हते. पण यामागे तेच असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. पेरणी करणाऱ्या, जात्यावर जोडीने दळणाऱ्या, दासोहात शेकडो पानांची पंगत वाढणाऱ्या हातांना हा अनुभव नवा नाही. कायक एकट्याचे असले तरी ते संगतीत हलके होते.

विश्वासानेही वेदना उतरते. १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून औषध नसलेले द्रव्य टोचले, तरी काहींचा ठणका कमी झाला. आणि एंडॉर्फिनची कुलुपे बंद करणारे औषध दिल्यावर तो आराम ओसरला. विश्वास देहातूनच काम करीत होता. मात्र विश्वासाने ठणका उतरतो, गाठ विरघळत नाही. छातीत कळ आली, गाठ हाताला लागली, तर ‘पूजेने बरे वाटले’ म्हणून दवाखाना टाळू नका. वेदना ही दारावर आलेली दूत आहे. तिचा निरोप ऐकल्यावाचून तिला परत पाठवू नये.

कोणी विचारील, “स्वामीजी, मग भजनातला आनंद हा निव्वळ रसायनाचा खेळ का?” उत्तर सरळ आहे. दिवा तेलावर जळतो, म्हणून प्रकाश खोटा ठरत नाही. शरणांनी देहाला तुच्छ मानले नाही, देवालय मानले. मग देवालयात तेलवात असल्याचे आश्चर्य कशाला? पण सर्व श्रेय एकाच तेलालाही देऊ नये. २०२१ सालच्या एका जर्मन प्रयोगात ही कुलुपे बंद केल्यावरही धावणाऱ्यांना धावण्याचा उल्हास मिळाला. देहाच्या कोठारात इतरही हंडे आहेत. आणि भक्तीची कसोटी सुख किती वाटले ही नाहीच. पूजेवरून उठल्यावर तुमचा शब्द मऊ झाला का, हात शेजाऱ्यासाठी पुढे झाला का, ही कसोटी आहे.

शेवटी एक विनंती. उपास-तापासाने, चटक्यांनी देहाला छळून पुण्य जोडण्याचा मार्ग शरणांचा नव्हे. घरात कर्करोगाने तळमळणारा जीव असेल आणि डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले असेल, तर ‘कर्म भोगूनच संपवावे’ म्हणून ते अडवू नका. देहाचे कोठार अपुरे पडते तेव्हा बाहेरून मूठभर आणणे ही हाव नव्हे, ती गरज आहे. लक्कम्मांनी गरजेचे तांदूळ कधी परत पाठविले नव्हते. औषध वेळेवर द्या, उशाशी बसा, त्याचा हात हातात घ्या. तोही दासोहच आहे.

शरणु शरणार्थी.