सौम्योक्ती आणि उत्तरदायित्व

विधानाची धार बोथट करणारे इंग्रजी वाक्प्रचार हा सामान्यतः शिष्टाचाराचा भाग मानला जातो. तथापि त्यांच्या वापरात एक नैतिक प्रश्न अनुस्यूत आहे. विधान सौम्य केल्याने ते सत्याच्या अधिक निकट जाते, की वक्ता त्याच्या उत्तरदायित्वापासून दूर सरकतो?

जॉर्ज लेकॉफ यांनी १९७२ साली अशा शब्दप्रयोगांचे अर्थवैज्ञानिक विश्लेषण करताना 'हेज', म्हणजे कुंपण, ही संज्ञा वापरली. पेंग्विनला 'सॉर्ट ऑफ अ बर्ड' म्हणणे योग्य ठरते. रॉबिनला तसे म्हणणे योग्य ठरत नाही, कारण तो निःसंशय पक्षीच आहे. येथे सौम्यता अचूकतेचेच साधन होते. जे. ओ. अर्मसन यांनी १९५२ मध्येच दाखविले होते की, 'आय बिलीव्ह', 'आय सपोज' यांसारखी पदे वक्त्याच्या मनोव्यापाराचे वर्णन करीत नाहीत. विधानावर कितपत विसंबावे याची सूचना ती श्रोत्याला देतात. या अर्थाने हे कुंपण प्रामाणिक असते. ज्ञानाची सीमा ते उघडपणे दाखविते.

याउलट काही प्रयोग कर्त्यालाच झाकून टाकतात. इराणविषयक कारवाईसंबंधी जानेवारी १९८७ मधील भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी धोका पत्करल्याची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेतली. परंतु पुढे 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' असे म्हटले. धोक्याला कर्ता लाभला, चुकांना मात्र लाभला नाही. चुका झाल्या याविषयी येथे तिळमात्र शंका व्यक्त होत नाही. अनिश्चित राहते ती चुका करणारी व्यक्ती.

म्हणून निकष सौम्यतेच्या मात्रेचा असू शकत नाही. प्रश्न कोठे विचारावा हे जो प्रयोग श्रोत्याला सांगतो तो विनय. प्रश्न कोणाला विचारावा हेच जो नाहीसे करतो ती पळवाट. व्याकरण दोहोंना सारखीच मुभा देते. निवडीची जबाबदारी मात्र बोलणाऱ्याची असते.

मराठी समीक्षेलाही हा निकष लावून पाहावा लागेल. 'असे म्हणता येईल' या तिच्या आवडत्या वाक्यबंधात म्हणणारा कोण आणि तो कशाच्या आधारे म्हणतो, हे पुष्कळदा अनुक्तच राहते. आधार पुढे मांडला असेल, तर ती संयत मांडणी होय. नसेल, तर विधानाच्या रक्षणासाठी घातलेले कुंपणच शेत खाऊ लागते.